ताल, तगाई आणि सातबारा

स्मरणिकेच्या अंकांतून प्रतिवर्षी आपल्या ज्ञातीच्या पूर्वपीठिकेविषयी, कुलदैवतांविषयी व दिवंगत समाजधुरीणांविषयी लेख येत असतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या जमिनीवर आपल्या मागील पाच-सहा पिढ्या जगल्या, त्या जमिनीस सरकारदरबारातून वेळोवेळी कोणते साह्य मिळाले, ते कोणत्या अटींवर मिळाले आणि कोणाच्या नावावर जमा वा खर्ची पडले, ह्याचा विचार आपल्या घरांतून क्वचितच होतो. बार्शी, माढे, करमाळे, मोहोळ, मंगळवेढे, सांगोले ह्या तालुक्यांतून आपली माणसे पोटासाठी सोलापुरास आली, गिरण्यांत लागली, पुढे कचेऱ्यांत व शाळांत शिरली. तरी गावाकडील वावराचा धागा सहसा कोणी तोडला नाही. त्या वावराचाच हा थोडासा इतिहास आहे.

प्रथम जमिनीविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व हकीकत तिच्यातूनच उद्भवली आहे. आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडतो. मृगाच्या पावसावर येथे कोणी भरवसा ठेवीत नाही. खरा आधार परतीच्या पावसाचा, म्हणजे उत्तरा-हस्त नक्षत्रांचा. ह्यामुळे रब्बीची ज्वारी हेच येथील मुख्य पीक झाले. रब्बीसाठी रान पावसाळाभर मोकळे ठेवून कुळवाच्या पाळ्या घालाव्या लागतात, आणि ज्या महिन्यांत पाऊस जोराने कोसळण्याचा संभव, त्याच महिन्यांत काळी जमीन उघडी पडलेली असते. जो पाऊस ज्वारीस ओल देतो तोच उताराची माती ओघळीत व ओघळीची नदीत नेतो. अवर्षण आणि धूप ही दोन संकटे परस्परविरोधी वाटतात, पण सोलापुरात ती एकाच घरात नांदतात. आपल्या पूर्वजांनी उतारास आडव्या ताली घातल्या त्या ह्यासाठीच. ताल फुटली की पाटलाकडे फिर्याद, आणि शेजाऱ्याने तालीवर नांगर घातला की वैर, हे आपल्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

सरकारी साह्याची कथा सांगू लागले की ह्या भूमीत दामाजीपंतांपासूनच आरंभ करावा लागतो. बहामनी राजवटीत मंगळवेढ्याचे अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात राजाच्या धान्याची कोठारे अन्नान्न झालेल्या लोकांस खुली केली, बेदरच्या बादशहाचा रोष ओढवून घेतला, आणि साक्षात पंढरीच्या विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बेदरास जाऊन धान्याची किंमत भरली, ही कथा कीर्तनांतून आपण सर्वांनी ऐकलेली आहे. भाविकांस तीत देवाची करुणा दिसते, ती आम्हांसही दिसते. परंतु एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. परंपरेने ह्या कथेत पावतीसही स्थान दिले आहे. देवानेदेखील खजिन्यात पैसे भरून रसीद घेतली! वरिष्ठांच्या मंजुरीवाचून दिलेल्या साह्याचा हिशेब कोणाला तरी चुकता करावा लागतो, हे आपल्या लोकांस फार पूर्वीपासून ठाऊक होते असे दिसते.

मराठी राज्यात पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यास कौल देत, सारा पहिल्या वर्षी अल्प ठेवून क्रमाक्रमाने चढवीत. ह्यास इस्तावा म्हणत. बी-बियाणे व बैल ह्यांसाठी तगाई देत. हा शब्द मुसलमानी अमदानीतून आलेला असून बळ देणे असा त्याचा मुळातील आशय आहे. पुढे इंग्रजी अमलात तगाई म्हणजे सरकारी कर्ज एवढाच अर्थ उरला.

इ. स. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दक्षिण हिंदुस्थानावर आला तेव्हा मुंबई इलाख्यात ज्या जिल्ह्यांस त्याची सर्वांत तीव्र झळ लागली त्यांत सोलापूर होते. १८७२ च्या मानाने १८८१ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या घटलेली आढळली, एवढ्यावरून त्या काळाची कल्पना यावी. सरकारने दुष्काळी कामे काढली. मोहोळजवळचा आष्टीचा तलाव हा त्या कामांचाच अवशेष होय. (सोलापूरनजीकचा एकरूखचा तलाव त्याआधीचा, १८७१ साली पुरा झालेला, जुन्या लोकांत ह्या दोहोंची गल्लत होते.) १८७७ च्या आरंभी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून सर रिचर्ड टेंपल आले व खर्चाची काटकसर म्हणून मजुरीचे मान उतरविण्यात आले, सुदृढ पुरुषास एक रत्तल धान्याची किंमत आणि वर किरकोळ नाणी एवढे पुरे, असे ठरले. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश ह्यांनी ह्या मानावर कडक आक्षेप घेतले. आपल्या इलाख्यात तर हजारो मजुरांनी कामावरून उठून घरची वाट धरली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. उपाशी माणसाने मजुरी कमी म्हणून काम सोडावे, ह्यात केवढा स्वाभिमान आणि केवढी हतबलता असेल!

ह्या दुष्काळानंतरच्या कायद्यांचा आपल्या घरांशी निकटचा संबंध आहे. पुणे व नगर जिल्ह्यांतील १८७५ च्या सावकारविरोधी दंग्यांनंतर झालेला १८७९ चा दक्षिणी शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांस लागू झाला. १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल निघाला. त्याच्या आधारे दुष्काळसंहिता तयार झाली. १८८३ चा जमीन सुधारणा कर्जाचा कायदा आणि १८८४ चा शेतकरी कर्जाचा कायदा हे दोन कायदे म्हणजेच आपली तगाई. पहिल्याने विहीर, ताल, बांध ह्यांसाठी, दुसऱ्याने बी, बैल व चारा ह्यांसाठी कर्ज मिळे. कर्ज सावकारापेक्षा स्वस्त, ह्यात संशय नाही. परंतु त्यास तारण वा जामीन लागे, आणि थकले तर ते साऱ्याप्रमाणे सक्तीने वसूल होई. ज्याची जमीन नावावर आहे त्यास विहीर मिळे. वाटेकऱ्यास, सालगड्यास व अलुतेदारास खडी मिळे, ती फोडण्यापुरती. आमच्या मते हा भेद येथून जो पडला तो अद्यापि पुरता बुजलेला नाही.

१८९६-९७ व १८९९-१९०० हे आणखी दोन दुष्काळ लागोपाठ आले. त्यांपैकी पहिल्या वेळी लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून दुष्काळसंहितेत रयतेस कोणते हक्क आहेत हे उघड करून सांगितले. ही गोष्ट आपणांस आज साधी वाटेल. त्या काळी मात्र कायद्याचे पुस्तक कचेरीच्या कपाटात असे आणि साह्य म्हणजे साहेबाची मेहेरबानी अशीच समजूत होती. साऱ्यात सूट वा तहकुबी मिळणे हे आणेवारीवर अवलंबून असे. पूर्ण पीक सोळा आणे धरून गावाचे पीक किती आणे आले हे ठरवावयाचे. गावाची आणेवारी एकदा ठरली की मग तुमचे एकट्याचे शेत कितीही करपलेले असो, त्याची गणना होत नसे. पुढे आण्यांचे पैसे झाले, नजर, सुधारित व अंतिम अशा पैसेवारीच्या तीन पायऱ्या आल्या, परंतु शेत एकाचे आणि माप गावाचे हा प्रकार दीर्घकाळ तसाच राहिला.

इथवर सरकारचे लक्ष माणूस जगविण्याकडे व सारा वाचविण्याकडे होते. माती वाचविण्याचा विचार शास्त्रीय रीतीने सुरू झाला तो सोलापुरातच, हे आपल्या नव्या पिढीस माहीत असावे. १९३३ साली शेतकी संशोधनाच्या मध्यवर्ती परिषदेच्या साह्याने सोलापुरास कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. उतारावर निरनिराळे तुकडे आखून, त्यांवर पडलेल्या पावसातून किती पाणी वाहून जाते आणि त्याबरोबर किती माती जाते, हे तेथे वर्षानुवर्षे मोजण्यात आले. कानिटकर व त्यांचे सहकारी ह्यांच्या श्रमांतून ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून जी पद्धत प्रसिद्धीस आली तिची सूत्रे अशी : शेतास बांध घालावे, काही वर्षांच्या अंतराने खोल नांगरट करावी, शेणखत द्यावे, बी विरळ पेरावे व ओळींतील अंतर वाढवावे, आणि कोळपणी वारंवार करावी. ज्वारीच्या पेऱ्यात ओळीमागून ओळ कोळपून भेगा बुजविणारा आपला आजा हे सारे न शिकता करीत होता, असे कोणी म्हणेल. आणि ते बव्हंशी खरे आहे. केंद्राचे श्रेय एवढे की त्याने ते मोजून दाखविले. शेजारी मोहोळास मालदांडीतून निवडलेले ३५-१ हे ज्वारीचे वाण तर आजही आपल्या भाकरीत आहे.

मोजमाप हाती आल्यावर सरकारने कायदा केला. मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम १९४२ साली झाला, आणि त्याच सुमारास विजापूर भागात पडलेल्या दुष्काळात बंडिंगची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. स्वातंत्र्यानंतर सोलापूर, नगर, सातारा, सांगली ह्या भागांतून समपातळीतील बांधांचा सपाटाच सुरू झाला. योजनेचा मसुदा गावात प्रसिद्ध होई, हरकती ऐकल्या जात, आणि एकदा योजना मंजूर झाली म्हणजे ती सर्व गटावर लागू होई. एकट्याने ‘माझ्या वावरात नको’ म्हणून चालत नसे. तांत्रिक दृष्टीने हे बरोबरच होते. पाणी सात-बारा पाहून वाहत नाही. वरच्या शेतावर बांध नसेल तर खालच्या शेताचा बांध पहिल्याच हस्ताला फुटावयाचा.

खर्चाचा प्रश्न मात्र वेगळा होता. काही भाग सरकार अनुदान म्हणून सोशी. उरलेली रक्कम खातेदारावर बसवून ती हप्त्यांनी, जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद कायद्यात होती. त्याची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ ह्या रकान्यात होई : बंडिंगचा बोजा. ज्याने बांध मागितला नव्हता त्याच्याही उताऱ्यावर तो बोजा चढला. योगायोग असा की आपल्या केंद्रानंतर दोनच वर्षांनी, १९३५ साली, अमेरिकेत मोठ्या धुळीच्या वादळांनंतर मृदसंधारणाचे सरकारी खाते निघाले, आणि १९३६ च्या कायद्याने तेथील शेतकऱ्यास माती राखणारी पिके व पद्धती स्वीकारल्याबद्दल पैसे मिळू लागले. तेथे माती राखणाऱ्यास सरकार मोबदला देई. येथे माती राखण्याचे बिल शेतकऱ्यास पाठवी. दोन्ही देशांच्या तिजोऱ्यांत अंतर होते हे आम्ही जाणतो. तरीपण राखलेली माती ही केवळ खातेदाराची मिळकत नसून देशाची आहे, हे तत्त्व आपल्याकडे उशिरा मान्य झाले, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

बंडिंगचा अनुभव सर्वत्र सारखा आला नाही. हलक्या व मध्यम रानात बांधांनी गुण दिला. मागे ओल राहिली, ओघळी बुजल्या. भारी काळ्या रानात मात्र बांधामागे पाणी साचून जमीन चिबड होई, उन्हाळ्यात बांधास भेगा पडत आणि पुढच्या पावसात तो त्या भेगांतूनच फुटे. अशा जमिनीस समपातळीऐवजी किंचित ढाळ दिलेले बांध व पाण्यास सुरक्षित वाट हवी, हे शास्त्रज्ञांनी पुढे सांगितले. लहान खातेदाराची तक्रार आणखी वेगळी. मुळात चार एकर, त्यातून बांधाखाली गेलेली पट्टी, आणि शिवाय बोजा! म्हणून कित्येकांनी दोन-चार वर्षांत बांध नांगरून टाकले. त्यांस अडाणी ठरविणारे अधिकारी पुष्कळ निघाले. आमच्या मते हिशेबात ते अडाणी नव्हते.

आता १९७२. ह्या सालाविषयी आपल्या प्रत्येक घरात काही ना काही सांगणारे कोणी तरी असते, किंवा कालपरवापर्यंत होते. १९७० पासून लागोपाठ पावसाने दगा दिला आणि तिसऱ्या वर्षी विहिरीही आटल्या. मुख्यमंत्री वसंतराव नाईक ह्यांच्या सरकारने राज्यभर कामे काढली; १९७३ च्या मे महिन्यात सबंध महाराष्ट्रात कामांवरील मजुरांचा आकडा पन्नास लाखांच्या जवळ पोहोचला होता. सोलापूर जिल्हा अतिशय होरपळलेल्यांपैकी एक होता. पाझर तलाव, नालाबांध, ताली, रस्ते, आणि सर्वांत अधिक खडी. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी व कामावर सुकडी, ही दोन नावे त्या पिढीच्या जिभेवर कायमची राहिली. आपल्या मालदांडीची चव जाणणाऱ्यास मिलोची भाकरी गिळणे जड गेले, पण गिळली, आणि माणसे वाचली. १८७७ च्या तुलनेत हा फरक केवढा मोठा आहे, हे खडीच्या कंटाळवाण्या आठवणींत विसरले जाते.

ह्या कामांवर स्त्रियांची संख्या फार मोठी होती. बांधावर माती वाहणाऱ्या टोपल्यांपैकी पुष्कळशा त्यांच्याच डोक्यावर होत्या. आपल्या आजी-पणजींपैकी अनेकींचे नाव सरकारी कागदावर प्रथम चढले असेल ते सातबारावर नव्हे, दुष्काळी कामाच्या हजेरीपटावर. ज्या ताली त्यांनी रचल्या त्या त्यांच्या नावाच्या वावरात नव्हत्या. कोणी मोठ्या खातेदाराच्या, कोणी गायरानात, कोणी परगावच्या शिवारात राबल्या. मजुरी तेवढी त्यांची. पुढे मुरलेले पाणी ज्याच्या विहिरीस लागले तो भाग्यवान. हे आम्ही कोणास दोष देण्यासाठी लिहीत नाही. आपल्याच ज्ञातीत जमीनवाली घरे होती आणि बिनजमिनीची घरेही होती, आणि एकाच तलावाची आठवण दोघांच्या घरी दोन प्रकारची आहे, एवढेच सांगावयाचे आहे.

विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांच्या विचारातून निघालेली रोजगार हमी योजना ह्या दुष्काळात तावूनसुलाखून निघाली. १९७७ साली तिचा अधिनियम संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणे हा हक्क झाला. त्यासाठी १९७५ पासून शहरातील पगारदार व व्यावसायिक ह्यांच्यावर व्यवसायकर बसविण्यात आला. सोलापूरच्या कचेरीत बसलेल्या धाकट्या भावाच्या पगारातून कापलेली रक्कम गावी राहिलेल्या थोरल्याच्या शिवारातील नालाबांधावर खर्च व्हावी, असा हा मार्ग होता. आणि धाकटे बंधू त्या कपातीविषयी जन्मभर कुरकुरत राहिले! अनुदानाचे स्वरूपही हळूहळू पालटले. १९९० पासून हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीत शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानातील खड्डे व रोपे ह्यांसाठी अनुदान मिळू लागले, तेही वर्षावर्षाने, जिवंत राहिलेल्या झाडांचे प्रमाण पाहून. सांगोले, मंगळवेढे भागातील बोरी व डाळिंबे ह्यांच्यामागे ह्या योजनेचा मोठा हात आहे. उजनी धरणाने भीमेकाठी ऊस आणला, ती गोष्ट निराळी व तिचे गुणदोष निराळे. येथे तिचा विस्तार करीत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र ह्या अवर्षणाच्या जिल्ह्यावर उलटे संकट कोसळले. सीना नदीच्या महापुराने करमाळे, माढे, मोहोळ व उत्तर-दक्षिण सोलापूर ह्या तालुक्यांतील काठच्या गावांत पाणी शिरले, उभी पिके गेली, जनावरे गेली, आणि ठिकठिकाणी वावराची माती खरवडून खाली मुरूम उघडा पडला. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने पूरग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटी रुपयांचे साह्य जाहीर केले. त्यात खरडून गेलेल्या जमिनीस हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतची कामे अशी तरतूद होती. गेलेली माती परत आणण्यासाठी सरकारने कर्ज न देता पैसे द्यावे, ही तगाईच्या काळापासून पाहता लहान गोष्ट नव्हे. ती माती शेतात पुन्हा भरणे किती कठीण असते हे ज्याने गाळाचा ट्रॅक्टर भाड्याने आणला आहे त्यासच ठाऊक.

परंतु साह्य वाटण्याची वेळ आली तेव्हा आपल्या अनेक कुटुंबांत जो खोळंबा झाला तो पुराने केलेला नव्हता. उताऱ्यावर नाव आजोबांचे, आणि आजोबा जाऊन वीस वर्षे झालेली. कोठे चार चुलत्यांचे सामाईक खाते. त्यांतील एक मुंबईस, एक सुरतेस, तिसऱ्याशी बोलणे नाही, आणि रक्कम एकाच्या खात्यात जमा होण्यास सर्वांचे संमतीपत्र हवे. कोठे भावांनी वाटणी तोंडी केलेली, बहिणींची नावे लावलीच नाहीत. शेतकरी ओळख क्रमांक काढावयाचा तर त्यासही उतारा सरळ हवा. आणि जो वाटेकरी म्हणून त्या रानात राबत होता, ज्याचे बी व खत वाहून गेले, त्याचे नाव पंचनाम्यात कोठे यावयाचे? १८८४ मध्ये तगाईच्या अर्जाला जो प्रश्न विचारला जाई तोच २०२५ मध्ये विचारला गेला : जमीन कोणाच्या नावावर?

योगायोगाने त्याच वर्षी महसूल खात्याने ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेतली होती. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणे हा तिचा पहिला उद्देश. पुढे तगाई, बंडिंग, नजर गहाण अशा कालबाह्य नोंदी उताऱ्यावरून कमी करण्याचे कामही तिच्यात आले. अशा रीतीने सत्तर वर्षांपूर्वी चढलेला बंडिंगचा बोजा आता उतरत आहे. बोजा उतरला पाहिजे ह्यात दुमत नाही. मात्र उताऱ्यावरून तो गेला की आपल्या वावरात बांध केव्हा पडला ह्याचा सहज दिसणारा पुरावाही जाईल, आणि मग तो जुन्या फेरफारांच्या नोंदवहीत शोधावा लागेल. ज्यांच्या घरी बोजा असलेले जुने उतारे, बंडिंगच्या वसुलीच्या नोटिसा, तगाईच्या पावत्या अथवा १९७२-७३ च्या कामांवरील मजुरीची काही कागदपत्रे असतील, त्यांनी मोहिमेत नोंद कमी होण्यापूर्वी त्यांची एकेक प्रत काढून मंडळाच्या वाचनालयात द्यावी, अशी आमची विनंती आहे. कामावर राबलेल्या ज्या वृद्ध स्त्रिया आज हयात आहेत त्यांच्याकडून कोणत्या शिवारात कोणता तलाव, कोणती ताल झाली, हेही त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलेले आम्हांस हवे आहे; कारण त्या कामाची नोंद सातबारावर कधी चढलीच नव्हती.